कणकेच्या नऊ मुठी

वाशीमच्या उन्हात आम्ही पोरी स्कार्फ असा बांधतो की सख्ख्या आईनंही ओळखू नये. एकदा मी तशीच तोंड गुंडाळून बसस्टँडसमोर स्कूटी थांबवून उभी होते. शेजारी एक सायकल येऊन टेकली आणि आवाज आला, "काय वं अनसिंगवाली, ब्रेक काहून एवढा आवळून धरला? तो काय पळून चालला?"

वळून बघते तर खिल्लारे सर. अनसिंग माझं गाव, पण माझा चेहरा त्यांना दिसतच नव्हता. त्यांनी मूठ ओळखली होती.

सर सगळ्यांनाच हातावरून ओळखायचे. नाव विसरायचे, तोंडाकडे तर धड बघायचेच नाहीत. पण एकदा हात बघितला की संपलं. दहा वर्षांनी भेटलेल्या माणसाला म्हणायचे, "तुह्या अंगठ्याले तवा फोड आला होता, बरा झाला का?"

उत्तमराव खिल्लारे मूळचे मेडशीचे. सगळी नोकरी पोलिसांच्या शस्त्रागारात गेली. बंदुका पुसायच्या, तेल द्यायचं, सकाळी मोजून बाहेर द्यायच्या, संध्याकाळी मोजून आत घ्यायच्या. हे ते फार अभिमानानं सांगत. "जिंदगीभर बंदुका सांभायल्या, पन कोनावर एक बी नाही चालवली. याच्यापेक्षा चांगली नोकरी कोनती असन?" निवृत्त झाल्यावर त्यांनी वाशीमला रेल्वे लाइनच्या कडेचं एका बंद जिनिंगचं रुईचं गोदाम मालकाकडून मागून घेतलं, टेप लावून दहा मीटर मोजले, पलीकडच्या भिंतीला कागदी निशाण्या टांगल्या आणि नेमबाजी शिकवायला सुरुवात केली. आमचं पिस्तूल हवेचं. त्यात बारूद नसते. दाबलेल्या हवेनं ज्वारीच्या दाण्याएवढा छर्रा सुटतो आणि कागदाला भोक पाडतो. पण गावाला हे कोण समजावणार? चौकात लोक म्हणायचे, "खिल्लारे पोरीले गुंडगिरी शिकवून राह्यला." सरांच्या कानावर आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गुंड दहा वाजेपर्यंत झोपते. माह्या पोरी साडेसहाले हजर राहतात."

मी तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सारखं सांगते असं माझा भाऊ म्हणतो. सांगणारच. त्या दिवशी सरांनी माझं नाव विचारलं नाही. उजवा हात हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "सोयाबीन सोंगलं का काल?"

"परवा," मी म्हणाले. विळ्याचे ओरखडे होतेच.

"सोंगनारीची मूठ लय घट्ट राहते. विळा सुटला त पायावर पडते ना. तुले धरनं शिकवाचं काम नाही. सोडनं शिकवा लागन."

आणि त्यांनी माझ्या हातात पिस्तूल न देता पिकलेलं सीताफळ दिलं. हात खांद्याच्या रेषेत लांब करायचा, सीताफळ मुठीत धरायचं आणि सर शंभर मोजेपर्यंत तसंच उभं राहायचं. पडलं तर नापास, फुटलं तरी नापास. माझं बावीसला फुटलं. रस कोपरापर्यंत आला. सरांनी शांतपणे दुसरं सीताफळ पुढे केलं. सीताफळांचे दिवस संपले की टमाटे यायचे. आमच्या सगळ्यांच्या शर्टांच्या उजव्या बाह्या कायम डागाळलेल्या असत आणि काकू, म्हणजे सरांची बायको, ओरडायच्या, "घरात भाजीले टमाटा ठिवत नाही हा मानूस!"

"नेम डोयात नाही, मुठीत हाय," हे सरांचं वाक्य. ते नुसतं बोलायचे नाहीत, तसं वागायचेही. आम्ही नेम धरला की सर निशाणीकडे पाठ करून उभे राहायचे. छर्रा कुठे लागला हे त्यांनी कधी बघितलं नाही. ते आमची मूठ बघत आणि छर्रा सुटल्यावर सांगत, "डाव्या बाजूले, खाली." आम्ही निशाणी ओढून आणायचो. डाव्या बाजूला, खाली.

एक नियम मात्र सगळ्यांना सारखा. शेजारच्या लाइनवरून गाडी गेली की गोदामाचे पत्रे थरथरायचे, निशाण्या हलायच्या. गाडीची शिट्टी ऐकू आली की सर म्हणायचे, "हात खाली. जाऊ द्या तिले." मग गाडी पूर्ण जाईपर्यंत आम्ही पिस्तूल टेबलावर ठेवून गप उभे. कोणी घाईत असलं तरी गप.

सरांच्या लोखंडी कपाटात चार पिस्तुलं होती. त्याला ते "माहं बिऱ्हाड" म्हणायचे. तीन जुनी, कोणाकोणाकडून मिळालेली, सगळ्यांच्या हातांनी झिजलेली. चौथं मात्र सरांनी स्वतः निवडून आणलेलं, आणि ते सगळ्यात वरच्या कप्प्यात, कोणी वापरायचं नाही असं. त्याच्याखाली एक पुठ्ठा टेकवलेला. त्यावर सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: "हे पिस्तूल खिल्लारेच्या हाताचे आहे."

नवीन आलेल्या प्रत्येकाला वाटायचं, सर मालकी दाखवतायत. मलाही वाटलं होतं. खरी गोष्ट मला काकूंनी सांगितली.

मी यायच्या आधी तिथं रूपाली शिकत होती. मेडशीचीच, बारीक चणीची, सरांच्या भाषेत "दहा वर्सांतून एक येते तसा हात". तिच्यासाठी म्हणून सर नागपूरला गेले आणि दुकानात डोळे मिटून एकेक पिस्तूल हातात घेऊन बघितलं. जे मुठीत अगदी चपखल बसलं ते घेऊन आले. कोणाच्या मुठीत? त्यांच्या स्वतःच्या. शेतात वखराचं रुमणं मुठीत धरून वाढलेला, रुंद पंजाचा माणूस तो. रूपालीच्या हातात ते पिस्तूल डुगडुगायचं. तिनं तोंड उघडलं नाही. सरांनी प्रेमानं आणलं, आपण कसं म्हणायचं? विभागाच्या स्पर्धेला तिनं तळहाताला कापडाची पट्टी गुंडाळली. तपासणीच्या टेबलावर ती पट्टी काढायला लावली, नियमच तसा आहे. मोकळ्या हातानं ती खेळली आणि खाली, फार खाली गेली. घरी म्हणाले, झालं ना आता खेळून. त्याच वर्षी तिचं लग्न झालं.

"ते स्पर्धेवरून सामान घिऊन परत आले," काकू म्हणाल्या, "अन् बसून तो पुठ्ठा लिहिला. मी म्हटलं, पोरीनं सांगाले पाह्यजे होतं. त म्हनतात, पोरीनं काहून सांगावं, हात मी पाह्याले पाह्यजे होता."

तेव्हापासून सर दर शनिवारी ते चौथं पिस्तूल काढून पुसायचे, तेल द्यायचे आणि परत ठेवायचे. चालवायचे मात्र नाहीत. आम्ही कोणीही सरांना स्वतः नेम धरताना बघितलं नव्हतं.

मग आली प्रतीक्षा. अकरावीतली. तिचा सुद्धा तसाच हात. राज्याच्या संघाची निवड चाचणी दोन महिन्यांवर होती आणि जुनी तिन्ही पिस्तुलं दम टाकत होती. जुन्या पोरापोरींनी वर्गणी काढली. किती जमली हे सरांनी कोणालाच सांगितलं नाही. "मधल्या किमतीचं येईन," एवढंच. पुण्याला नोकरीला असलेल्या एकानं फोन केला, "सर, एकदम भारीतलं घ्या ना, मी अजून टाकतो." सर म्हणाले, "नको." कारण सांगितलं नाही.

पिस्तूल पूर्ण मुठीचं पाहिजे हे नक्की होतं. म्हणजे चारी बोटांना लाकडात जागा आणि तळहाताला खालून टेकू. पण कोणतं, हे सरांना ठरवता येईना. आमची भांडणं मिटवायला ज्यांना एक वाक्य पुरायचं, ते सर पंधरा दिवस नुसते येरझाऱ्या घालत होते. मी तेव्हा पदवी घेऊन शिक्षक भरतीची वाट बघत होते. मला बोलावलं आणि इंग्रजी माहितीपत्रक पुढे टाकलं. "तू बी.ए. झाली ना? वाच."

मी वाचलं. मुठीचे आकार तीन: लहान, मध्यम, मोठा.

"लहान म्हंजे कोनाचा लहान? तिकडच्या पोरीचा लहान का मेडशीच्या पोरीचा?"

ते काही तिथं लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर शेतातली काळी माती भिजवून घेऊन आले. प्रत्येकानं मातीचा गोळा पिस्तूल धरल्यासारखा धरायचा. धरले. पण वाळल्यावर त्या मुठींना उन्हाळ्यातल्या वावरासारख्या भेगा पडल्या. काकू आल्या, बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मातीचं काय काम हाय? कनीक भिजवून देतो घट्ट. मीठ टाकून. भेग पडली त मले सांगा."

तसंच झालं. आम्ही एकेक करून कणकेचा गोळा धरून उभे राहिलो आणि सर शंभर मोजत राहिले. आमच्यातला एक वात्रट म्हणाला, "सर, मंग याची पोई करू का?"

"कर. तुह्या हाताची चव तुलेच लखलाभ."

काडीनं प्रत्येक मुठीवर नाव कोरलं. काकूंनी त्या पत्र्यावर तीन दिवस वाळवल्या आणि खारीपासून राखल्या. एकीलाही भेग नाही. मग फराळाच्या मोठ्या डब्यात जुन्या साडीच्या घड्यांमध्ये त्या ठेवल्या आणि सर आणि मी नागपूरच्या एसटीत बसलो.

वाटेत सरांनी डबा उघडून वरच्या दोन मुठी नीट आहेत का ते बघितलं. शेजारच्या बाईनं वाकून पाहिलं. बोटं उमटलेले कणकेचे गोळे आणि त्यावर पोरींची नावं कोरलेली. तिनं आपली पिशवी उचलली, पोराला काखेत मारलं आणि थेट ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. तिथून ती नागपूरपर्यंत आमच्याकडे वळून वळून बघत होती. सर म्हणाले, "चांगलं झालं. आता पाय लांब करता येते."

दुकानदार पोटानं मोठा आणि बोलण्यानं गोड. त्यानं सरांचा सदरा बघितला, चपला बघितल्या आणि सगळ्यात स्वस्त पिस्तूल पुढे केलं. सरांनी डब्यातली एक मूठ काढली, तिच्याभोवती दोरा गुंडाळून मापावर गाठ मारली, तोच दोरा पिस्तुलाच्या मुठीभोवती गुंडाळला. "याची मूठ चपटी. करंगयी लोंबते. ज्याले एक बोट कमी हाय त्याले द्या हे."

"अरे ये क्या है? आटा?" दुकानदार हसत सुटला. त्यानं आतल्या पोऱ्यांनाही बोलावून दाखवलं. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते दुसरी मूठ काढत होते.

मग दुकानदारानं आतून सगळ्यात महागडं आणलं. खरं सांगते, मला ते बघतच राहावंसं वाटलं. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, अंगावर नक्षीसारखे दाणे, कुठं एक रेघ चुकलेली नाही. सरांनी ते दोन्ही हातांत धरलं, खूप वेळ बघितलं आणि अलगद काउंटरवर ठेवलं.

"काहून सर?" मी विचारलं.

"याले कानस लावाची कोनाची हिंमत होईन? माहीच होत नाही. पिस्तूल घेतल्यावर घासा लागते, हाताजोगतं करा लागते. ज्याले घासाची भीती वाटते ते भिंतीवर टांगाले बरं." पुण्याच्या माणसाला नको का म्हणाले ते मला तेव्हा कळलं.

तिसरं मधल्या किमतीचं. दिसायला अगदी साधं. मूठ जाड, ओबडधोबड, जास्तीच्या लाकडानं भरलेली. चारी बोटांना जागा. तळहाताखालची पट्टी स्क्रू ढिला करून वर-खाली करता येणारी. सरांनी टिचकी मारून लाकूड वाजवलं. "याच्यात लाकूड हाय," ते म्हणाले. "लाकूड असलं की मानूस बसवता येते."

त्यांनी एकेक मूठ काढायला सुरुवात केली. दोरा लावायचे, पट्टी सरकवायचे, कागदावर टिपायचे. किती घासावं लागेल, कुठं घासावं लागेल. दुकानदार आता हसत नव्हता. तो काउंटरवर कोपर टेकून बघत होता. एक, दोन, चार, सात. आठवी प्रतीक्षाची. आम्ही आठजणच होतो, म्हणून मी डब्याचं झाकण लावायला गेले. सरांनी माझा हात बाजूला केला आणि साडीच्या शेवटच्या घडीतून अजून एक मूठ काढली.

त्यावर कोरलं होतं, रूपाली.

मी सरांकडे बघितलं. ते दोरा सरळ करत होते. "आईतवारी गेलो होतो तिच्या सासरी. रिसोडले. कनीक नेली होती डब्यात."

"काय म्हणाली ती?"

"हात धुतले, पदराले पुसले अन् धरली. पाच वर्सं झाले, पन बोटं जागच्या जागी." मग त्यांनी प्रतीक्षाची आणि रूपालीची मूठ काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. "पाह्य."

दोन्ही मुठी जवळजवळ एकच होत्या. अंगठ्याचा खळगा तेवढाच, करंगळीची जागा तीच. दोरा सुद्धा एकाच गाठीवर येत होता.

"आता समजलं काहून झोप नाही लागून राह्यली मले?" सर हळू बोलले. "हाच हात माह्या हातून एकदा वाया गेला. तोच हात देवानं म्हना का कोनं म्हना, परत धाडला. आता चुकलो त मी ते गोदाम बंद करतो."

त्यांनी रूपालीच्या मुठीला लावलेला दोरा त्या साध्या पिस्तुलाला लावला. अर्ध्या पेराएवढं लाकूड जास्त होतं. म्हणजे घासता येणार होतं. सरांनी पहिल्यांदा श्वास सोडला. "बांधा हे," ते दुकानदाराला म्हणाले.

दुकानदारानं पिस्तूल बांधलं, मग न विचारता आतून एक नवी कोरी बारीक कानस आणून त्यासोबत ठेवली. "ये मेरी तरफ से. और अगली बार आओ मास्टरजी, तो मेरी भी मुठ्ठी बना देना."

"डायटिंग करा आधी," सर म्हणाले. दुकानात सगळे हसले, तो सुद्धा.

पुढचे दहा दिवस सर घासत होते. प्रतीक्षानं धरायचं, सरांनी बघायचं, घ्यायचं, कानशीचे दोन हात मारायचे, फुंकर घालायची, परत द्यायचं. लाकडाचा भुसा त्यांच्या भुवयांवर बसायचा. अकराव्या दिवशी प्रतीक्षानं पिस्तूल उचललं आणि सर काही बोललेच नाहीत. ती म्हणाली, "सर, आता हे हातात हाय असं वाटूनच नाही राह्यलं." त्यावर सर उठले आणि तोंड धुवायला गेले.

प्रतीक्षाची राज्याच्या संघात निवड झाली. आमच्या पत्र्याच्या गोदामातली पहिली. पेढे काकूंनी वाटले. सरांना विचारलं तर म्हणाले, "मूठ बसली होती, बाकी तिचं."

निवडीनंतरच्या रविवारी सकाळी गोदामाच्या दारात एक बाई उभी होती. काखेत दोनेक वर्षांची मुलगी, पाठीमागे चपला काढणाऱ्या सासूबाई. मी तिला कधीच बघितलं नव्हतं, पण मला कळलं. सरांनी मान वर केली. नेहमीप्रमाणे तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही.

"पोर उजव्या हातात काहून धरली? डाव्यात धर. तो हात कामाचा हाय."

"धरली जी सर," रूपाली म्हणाली आणि हसली. सासूबाई म्हणाल्या, "ही घरी रोज टमाटे धरून उभी राहते, आमाले वाटलं हिले बाहेरचं लागलं काई. म्हटलं चाला, पाहू तरी त्या मास्तरले."

काकूंनी पोरीला घेतलं. प्रतीक्षानं स्वतःच्या हातानं ते नवं पिस्तूल रूपालीसमोर ठेवलं आणि बाजूला झाली. रूपालीनं हात पदराला पुसले. मूठ बसवली. तिची मूठ आणि ते लाकूड यांच्यात कागद जायला जागा नव्हती.

तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. "हात खाली," सर म्हणाले. "जाऊ द्या तिले."

गाडी लांबलचक मालगाडी होती. पत्रे थरथरत होते. आम्ही सगळे गप उभे होतो, सासूबाईसुद्धा. त्या वेळात सर कपाटाकडे गेले. वरच्या कप्प्यातलं चौथं पिस्तूल काढलं, त्याखालचा पुठ्ठा काढून खिशात घातला आणि रूपालीच्या शेजारच्या जागेवर येऊन उभे राहिले.

"सरक थोडी," ते म्हणाले.

मी दुसऱ्याच आठवड्यात मानोरा तालुक्यातल्या शाळेवर रुजू झाले. सर गेले तेव्हा मला उशिरा कळलं, मी पोचू शकले नाही. आज ते गोदाम रूपाली आणि प्रतीक्षा सांभाळतात. माझ्या वर्गातल्या पोरांना मी खडू कसा धरायचा ते आधी शिकवते, मग अक्षर. पण सर म्हटलं की मला ती सकाळच दिसते. गाडी गेली. निशाण्या हलायच्या थांबल्या. दोन हात शेजारी शेजारी वर आले, एक बारीक आणि एकदम स्थिर, दुसरा रुंद आणि म्हातारा. बाकी सगळ्यांच्या नजरा निशाण्यांवर, माझी सरांवर. सरांनी स्वतःचा नेम धरलेला होता, पण मान वळवून ते बघत होते रूपालीच्या मुठीकडे.